शॉवर निवडण्याआधी मोजलेली बादली

आईच्या पुण्यातील घराच्या बाथरूमचे काम गेल्या महिन्यात पूर्ण झाले. आठ वर्षांपूर्वी याच बाथरूमसाठी मी दुकानात पाहताक्षणी आवडलेला, ताटाएवढ्या चकतीचा शॉवर घेतला होता. दुकानात तो पंपावर चालत असल्यामुळे सरीसारखा बरसत होता. घरी मात्र चकतीच्या मधोमध चार-पाच धारा गळत आणि कडेची छिद्रे कोरडीच राहत. आईने तक्रार केली नाही, पण आठ वर्षे ती बादलीनेच आंघोळ करत राहिली, याची मला फार खंत होती. म्हणून या वेळी दुकानात जाण्यापूर्वी मी पाण्याचा जोर मोजायचे ठरवले.

आमचे घर सर्वांत वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि टाकी गच्चीवर, जवळजवळ डोक्यावरच आहे. टाकी जवळ म्हणजे जोर जास्त, असा माझा समज होता, पण प्रत्यक्षात उलट असते. पाण्याच्या पातळीपासून नळ जितका खाली, तितका दाब अधिक. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) भरतो. आमच्या शॉवरपासून टाकीतील पातळी जेमतेम साडेतीन मीटर वर असल्याने आम्हाला सुमारे 0.35 बारच मिळतो, तर तळमजल्यावर त्याच्या तिपटीहून अधिक. मोठ्या चकतीच्या शॉवरना बहुधा किमान 1 बार दाब लागतो आणि तसे खोक्यावर छापलेलेही असते. मी ते तेव्हा वाचले नव्हते. नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावले, तेव्हा ती भरायला 1 मिनिट 50 सेकंद लागले.

मात्र सगळाच दोष उंचीचा नव्हता. भिंत फोडल्यावर जुना अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बाहेर आला आणि प्लंबरकाकांनी त्याचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. आत गंजाचे थर इतके साचले होते की मधून पेन्सिल जेमतेम गेली असती. आम्ही मुख्य लाइन पाऊण इंची सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) केली आणि प्रत्येक पॉइंटला, म्हणजे नळ किंवा शॉवर जोडायच्या जागी, अर्ध्या इंचावर आणली. गीझरमुळे गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा, कारण थंड पाण्यासाठीचा साधा यूपीव्हीसी प्लॅस्टिक पाइप उष्णतेने मऊ पडतो. पाइपावर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे ना, हे तपासून घेतले. जिथे नळाचे आटे बसतात तिथे पितळी आट्याचेच फिटिंग मागावे, कारण प्लॅस्टिकचे आटे जास्त आवळले की तडकतात. नवी लाइन झाल्यावर तीच बादली 55 सेकंदांत भरली. प्रेशर पंपाची गरज त्यामुळे उरली नाही.

टाइल्स लावण्याआधी सगळी तोंडे प्लगने बंद करून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरला आणि ती रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दाबमापकाचा काटा खाली आलेला होता. गीझरच्या मागच्या एल्बोखाली (पाइप वळवणाऱ्या जोडाखाली) बोट फिरवल्यावर ओल लागली. तिथे सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, अर्ध्याच गोलाईला लागले होते. ही चाचणी कोणी कितीही घाई केली तरी सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त विचार डायव्हर्टरवर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हवर झाला. भिंतीत लपवलेला डायव्हर्टर दिसायला सुबक असतो, यात शंका नाही. परंतु आमचा जुना सहा वर्षांनी गळू लागला, तेव्हा त्या मॉडेलचे कार्ट्रिज (पाणी उघड-बंद करणारा आतला भाग) बनणेच बंद झालेले होते. शिवाय त्याची बॉडी भिंतीत नेमक्या खोलीवर बसवावी लागते. प्लास्टर आणि टाइलची जाडी धरून ती आवरणावर आखलेल्या दोन रेषांच्या मध्ये आली नाही, तर वरची प्लेट बसत नाही. दुसरा पर्याय होता भिंतीबाहेर बसणाऱ्या, गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या वॉल मिक्सरचा. “ताई, आजकाल वॉल मिक्सर कोणी घेत नाही,” असे दुकानदार म्हणाले. प्लंबरकाकांचे म्हणणे मात्र नळाच्या आतल्या फिरत्या दांड्याबद्दल, म्हणजे स्पिंडलबद्दल होते : “मिक्सर बाहेर असला की स्पिंडल बदलायला दहा मिनिटं लागतात. भिंतीला हात लावायला नको.” मी त्यांचे ऐकले. वॉल मिक्सरच्या गरम आणि थंड पॉइंटमधले अंतर सहसा सहा इंचच असते, त्यामुळे पुढेमागे दुसऱ्या कंपनीचा मिक्सरही त्याच जागी बसू शकतो.

शॉवर चार इंची, मऊ सिलिकॉनच्या छिद्रांचा घेतला. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार छिद्रांत साचतात. अशा छिद्रांवरून अंगठा घासला की ते निघून जातात. आई स्टुलावर बसून आंघोळ करते, म्हणून हँड शॉवर वरखाली सरकणाऱ्या दांडीवर लावला. नहाणी ट्रॅप (लादीतल्या जाळीखालचे, पाणी साठवून ठेवणारे भांडे) 50 मिलिमीटर पाणी धरणारा घेतला, म्हणजे ड्रेनेजचा वास वर येत नाही, आणि लादीचा ढाळ तिकडे नीट आहे ना, हे तांब्याभर पाणी ओतून पाहिले.

भिंत बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून मी फोटो काढले होते. मागच्या आठवड्यात आईसाठी आधाराची दांडी बसवायची होती, तेव्हा ते फोटो पाहून काकांनी गरम पाण्याच्या लाइनपासून चार इंच बाजूला खूण केली आणि मगच ड्रिल लावले.