आमची वाटचाल : तांबं आणि बदनामी

सावद्याच्या रस्त्याला आमचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची वायर भरायचं दुकान. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्याला ते कुठे आहे हे सांगावं लागत नाही. सुरुवातीची वर्षं कशी गेली ते सोडून देतो. मोटर जळते, आपण भरतो, पुन्हा जळते.

निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन पोरांना ठेवतात तिथून, सुटलेली पोरं आम्ही कामाला घेतो. लोक त्यांना ‘रिमांडची पोरं’ म्हणतात. पहिला पोरगा परिविक्षा अधिकारी (अशा पोरांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) घेऊन आले. आमचं काम विजेचं आणि यंत्राचं, म्हणून अठराच्या आतला घेत नाही. त्याला आधी फक्त जुनी कॉईल काढायला बसवला. सबमर्सिबलची, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली चालणाऱ्या मोटरीची, प्लास्टिकचं कव्हर असलेली पॉली वायर एकेक वेढा स्लॉटातून ओवायची असते, कुठे कव्हर सोललं तर दुकानात दिसत नाही, बोअरमध्ये खाली सोडल्यावर दिसतं. घाई करणाऱ्याचं ते काम नाही. आणि हा पोरगा घाई करतच नव्हता.

मग आला तो उन्हाळा. केळीला पाणी चुकलं की बागच बसते, त्यामुळे आमचा खरा धंदा तेव्हाच. नेमक्या त्याच वेळी आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोराचं नाव टाकलं. खाली लिहिलं, ‘यांच्याकडे मोटर द्या, तांबं विसरा.’ बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम 24 म्हणतं की दोषी ठरलेल्या मुलाला त्या शिक्षेमुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही. सोळा ओलांडून मोठ्यांसारखा खटला चाललेल्यांचा तेवढा अपवाद. पण कलम वाचून गिऱ्हाईक परत येत नाही. जुनं तांबं ठेवून घ्यायची रीत आमच्या धंद्यात पहिल्यापासून बदनाम, त्यामुळे लोकांना लगेच पटलं. दुकानासमोर मोटरी यायच्या थांबल्या. जळगावच्या वायरवाल्याने उधारी बंद केली, रोख आणा म्हणाला. शटर ओढायचीच वेळ आली होती.

तेव्हा रावेरकडचे एक नाना साडेबारा एचपीची मोटर घेऊन आले. मी सगळं सांगायला लागलो तर म्हणाले, “मले त्याचं गणगोत नको सांगू. मोटर कधी देतो ते सांग. आणि काटा आन.”

जुनी वायर त्यांच्यासमोर काढली, तोलली. नव्या वायरचं बॉबिन भरण्याआधी तोललं, भरल्यावर तोललं. मधला फरक म्हणजे मोटरीत गेलेली वायर. पोरगा दिवसभर कॉईल ओवत होता, नाना खुर्ची टाकून बसलेले. रात्रभर स्टेटर (वायर भरलेला मोटरीचा भाग) पाण्यात, सकाळी मेगर लावला, म्हणजे वायरचं कव्हर कुठे फुटलंय का ते दाखवणारं मीटर. रीडिंग चोख. नानांनी काट्याचे फोटो त्याच ग्रुपवर टाकले. वर एक शब्दही लिहिला नाही.

त्या दिवसापासून जुनं तांबं तोलून शेतकऱ्याच्याच हातात देतो. आम्हाला कमी सुटतं, पण तोंडं बंद झाली.

कोणी विचारत नाही, तरी सांगतो. अशी पोरं ठेवायची असतील तर पहिल्याच आठवड्यात बँक खातं उघडून द्या आणि सुरुवातीला पगार आठवड्याला करा, महिनाभर थांबायची ताकद त्यांच्या घरात नसते. बाल न्याय मंडळाच्या तारखेला सुट्टी द्या, खाडा धरू नका. काय केलं होतं ते विचारू नका. राहायची सोय नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जा. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना अठरा ते एकवीस वयात पुनर्वसनासाठी आर्थिक मदत कायद्यात आहे, आणि सुटल्यावर राहायला अनुरक्षण गृहंही आहेत. कागद मात्र तुम्हालाच फिरवावे लागतात.

आता तोच दुकानदार आमच्याकडे शिकलेली पोरं जास्त पगार देऊन नेतो. नेऊ दे, मीच त्यांना अनुभवाचा दाखला लिहून देतो : ‘सबमर्सिबल वायंडिंग, साडेबारा एचपीपर्यंत.’ बाकी काही लिहीत नाही. पण गिऱ्हाईकाने ‘एवढी चांगली मोटर कोणी भरली?’ असं विचारलं की हा दुकानदार स्वतःचंच नाव सांगतो.