नव्वद नंबर म्हणजे नेमकं कुठलं?

टोमॅटोच्या सीझनला माझी पिकअप पिंपळगावहून वाशीला जाते. भरल्या गाडीनं कसारा घाट उतरायचा, रिकाम्या क्रेट घेऊन चढायचा. पावसाळा संपता संपता मागून घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. साठच्या पुढे वाढायचा, ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा. टायर पुढचे मागे करून पाहिले, फरक शून्य.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे मिस्तरी एक चक्कर मारून आले. "शेठ, क्राऊन बोलतोय. एकशेचाळीस नंबर ऑईल टाका, दबून जाईल." क्राऊन म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक. आवाज दबेल हो, पण झिजलेलं थोडंच भरून येणार? म्हणून ऑईल घ्यायला मीच गेलो.

दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हटलं, तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "गिअरबॉक्सला की हाउसिंगला?" हाउसिंग म्हणजे मागच्या ॲक्सलचा मधला गोल डबा, त्यातच क्राऊन आणि बाकीचं डिफरन्शियल असतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर ८०डब्ल्यू-९०च. पण एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. नंबर म्हणजे नुसता जाडपणा. खरा फरक त्या जीएलमध्ये, म्हणजे तेल दातांमधला किती दाब सोसतं त्या दर्जात. पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर, क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर फिरतात तसे घासतही जातात. त्या दाबाखाली साधं तेल पुसलं जातं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जास्त असतं, ते दातांवर थर धरतं. त्या तेलाला उग्र वास येतो तो त्याचाच. उलट तेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये घातलं तर गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगांना बाधू शकतं.

तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्यानं एकाच ड्रममधून गिअरबॉक्सही भरला होता नि हाउसिंगही. कुठलं तेल होतं ते देव जाणे.

डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं. त्यात डिफरन्शियलला जीएल-५, ८०डब्ल्यू-९० स्पष्ट छापलेलं. ८५डब्ल्यू-१४० चा, म्हणजे मिस्तरींच्या एकशेचाळीस नंबरचा, मोह तिथंच सोडला. निफाडच्या थंडीनं ते काही गोठणार नाही, पण जाड तेल फिरवायला इंजिनाची ताकद आणि डिझेल दोन्ही जातं. एलएसडीची, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या डिफरन्शियलची, शंका मात्र राहिली, कारण त्याला वेगळं ॲडिटिव्ह लागतं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही स्टँडवर उचलली, हँडब्रेक सोडला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं. म्हणजे साधंच डिफरन्शियल.

बदलायचं काम घरच्या अंगणात केलं. गाडी थोडी चालवून आणली, म्हणजे तेल पातळ होतं, आणि सपाट जागेवर चारी चाकांवर उभी केली. आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवला. हा नियम मी मोडत नाही; खालून तेल काढलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागेवरच बसते. माझाही जाम होताच, पाइप लावून एकदाचा हलला.

खालून जे निघालं ते बघून मात्र पोटात गोळा आला. दुधाळ चहासारखं! पाणी गेलेलं. प्लगच्या चुंबकावर काळी पेस्ट होती, बोटात चोळली तर मऊ. दातांचे तुकडे नव्हते, तेवढंच समाधान. पाणी आलं कुठून ते हाउसिंगवरच्या ब्रीदरनं, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडानं, सांगितलं. शेतरस्त्यावरच्या चिखलानं तो पार बुजला होता. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात बुडतं, गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी ओढलं जातं. टाचणीनं टोकरून, डिझेलनं धुऊन तो मोकळा केला. नवं तेल भोकाच्या काठाशी येऊन ओघळेपर्यंत भरलं. दोन फेऱ्यांनी थोडं काढून पाहिलं, स्वच्छ होतं.

आवाज कमी झाला, गेला नाही. मिस्तरी आता पिनियनच्या बेअरिंगवर बोट ठेवतायत. द्राक्षं सुरू व्हायच्या आत ते उघडायचं ठरलंय, आणि डबा मीच नेणार आहे.