इसार परत गेला तो दिवस

अंबाजोगाईच्या कोर्टात मी १७ वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवते, आणि बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडून. त्यामुळे त्या मंगळवारी आबा दारात उभे राहून "ताई, लेकरानं तिकडं माणूस उडीवला" म्हणाले, तेव्हा माझ्या मनात आधी तो उडवलेला माणूसच आला.

पोरगा शारजाला मालाची व्हॅन चालवतो. आदल्या रात्री रस्ता ओलांडणारा एक मजूर, तोही परदेशीच, गाडीखाली आला आणि दवाखान्यात वारला. पोरगा पळाला नाही. ९९९ला त्यानेच फोन लावला, पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिला. आता ठाण्यात होता. इकडे ज्याने त्याला पाठवलं त्या एजंटाने आबांना सांगितलं होतं, मेलेल्याचे दोन लाख दिरहम भरावे लागतात, निम्मे संध्याकाळपर्यंत माझ्याकडं द्या, नाहीतर पोरगं जन्मभर आत. आबांनी दोन एकर रान विकायला काढलं. ५० हजार इसार घेतला होता आणि दुपारी तीनला रजिस्ट्री होती. माझ्याकडे ते फक्त सातबारा आणि खरेदीखताचा मसुदा नजरेखालून घालायला आले होते.

"आबा, कागद राहू द्या. गाडीचा विमा चालू होता का?"

"ते काय म्हाईत नाही, ताई."

"लायसन्स तिथलं काढलं होतं का इथलंच?"

त्यांनी खिशातून फोन काढला आणि पोराच्या खोलीतल्या सोबत्याला लावून माझ्या हातात दिला. तो लातूरकडचा, ठाण्याच्या बाहेरच उभा होता. अर्ध्या तासात त्याने फोटो पाठवले: तिथलं लायसन्स, गाडीचं कार्ड, विम्याची पॉलिसी. तिन्हींची मुदत बाकी होती. पोरगा प्यायलेला नव्हता. मी दोनदा तारखा वाचल्या आणि मगच आबांना पाणी दिलं.

दोन लाख दिरहमांचा आकडा एजंटाने मनाचा काढलेला नव्हता. चुकीने माणूस मेला तर अमिरातीत वारसांना द्यायची ही भरपाई, तिला 'दिया' म्हणतात. आपल्याकडचे चाळीस लाखांच्या वर जातात. पण ती कोर्टाच्या हुकुमाने ठरते, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कुणा मधल्या माणसाच्या हातात नाही. आणि तिथे प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, तो नेमका यासाठीच. विनापरवाना किंवा दारू पिऊन चालवली असती तर विमा कंपनीने पैसे भरून मागाहून चालकाकडून वसूल केले असते. इथे तसं काहीच नव्हतं.

फौजदारी खटला मात्र विम्याने टळत नाही. २९ मार्च २०२५पासून तिथे नवा वाहतूक कायदा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर कैद आणि किमान ५० हजार दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक. हे मी आबांपासून लपवलं नाही. खोटा धीर देणं मला जमत नाही, आणि अशा वेळी तर ते पापच.

मी तिथल्या कोर्टात उभी राहू शकत नाही. पण पोराला आज काय मागायचं ते सांगू शकत होते. सोबत्याला म्हटलं, तो आत गेला की एवढंच सांग: अरबी कागदावर समजल्याशिवाय सही करायची नाही. दुभाषा मागायचा, तो त्याचा हक्क आहे. ४८ तासांच्या आत पोलिसांना त्याला सरकारी अभियोक्त्यापुढे न्यावं लागतं, तिथंही चौकशी दुभाष्यामार्फतच होते. आणि "माझ्या वकिलातीला कळवा" हे स्वतः तोंडाने म्हणायचं. १९६३च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम अटकेतल्या परदेशी माणसाला हा हक्क देतं. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर. पण पोलिसांनी वकिलातीला कळवायचं ते अटकेतल्याने मागितलं तर. घाबरलेलं पोरगं मागत नाही, तिथंच सगळं अडतं.

सोबती परत आला तो म्हणाला, "मॅडम, एका कागदावर त्यानं रातीच सही केली." कशाचा कागद, त्यालाही माहीत नव्हतं. मला घाम फुटला. म्हटलं, हेच अभियोक्त्यापुढे पहिलं सांगायचं, की वाचता न येता सही केली.

शारजा दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. तिथे दीड तास मागे, म्हणजे कचेरी अजून उघडी होती. ईमेल पाठवला. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आबांच्या नावाने तक्रार नोंदवली, पासपोर्टची प्रत जोडली. अशा अडचणीत वकिलाच्या खर्चासाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९पासून. तोही अर्ज त्याच बैठकीत लिहिला. आबा सही करताना प्रत्येक अक्षर कोरून काढत होते.

तीन वाजले. खरेदीदाराचा फोन आला, मग एजंटाचा. आबांनी एकही उचलला नाही.

चौथ्या दिवशी पोरगा पासपोर्ट जमा करून बाहेर आला. देश सोडायला बंदी, खटला चालू. वारसांचा दियाचा दावा विमा कंपनीच्या अंगावर आहे. आबा इसार परत करून कोर्टात मला सांगायला आले. पेढे आणतील असं वाटलं होतं, आणले नव्हते. बाकावर बराच वेळ गप्प बसले.

"ताई, तो गेलेला माणूस. त्याच्या घरी पैसं पोचतील ना?"

पोचतील, म्हटलं, वारस म्हणून त्यांनी कागद दिले की.

"त्याला मागं कोण कोण हाय?"

माझ्याकडच्या कागदावर त्याचं वय होतं आणि देशाचं नाव. घरच्यांचं काहीच नव्हतं. दूतावासाला दुसऱ्या कामासाठी लिहायचंच होतं, त्यात मी ती एक ओळ घातली.