जानेवारीचा पट

शाळेच्या ऑफिसात पट म्हटलं की एकच तारीख आठवते, 30 सप्टेंबर. त्या दिवसाचा आधार व्हॅलिड झालेला पट संचमान्यतेला धरतात आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. सप्टेंबरभर नुसती लगीनघाई. कुणाच्या आधारवर नावाची वेलांटी चुकलेली, कुणाचे ठसेच उमटत नाहीत. मास्तर लोक पोरांना मोटारसायकलवर बसवून आधार केंद्रावर घेऊन जातात. 1 ऑक्टोबरला त्याच पोराची कुणाला आठवण नसते.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, कॅथलिक संस्थेची, मराठी माध्यमाची, अनुदानित. मी तिथे लिपिक. फादर बदलले की सगळं बदलतं, असं गावाला वाटतं. पण पगार शासनाच्या शालार्थ या पगारप्रणालीतून, पुस्तकं बालभारतीची. त्यांच्या हातात उरतं काय? एक म्हणजे खुर्ची. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात कलम 3(2) आहे: अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन माणसं नेमताना त्या कायद्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. म्हणून आयुष्यभर खडू झिजवलेले सेवाज्येष्ठ सर बाकावरच राहतात आणि खुर्चीत सिस्टर येतात. स्टाफरूममधली निम्मी कुजबुज या एका कलमापायी. दुसरी गोष्ट जागा. वर्ग, मैदान, बोर्डिंग.

गेल्या वर्षी 8 मे 2025 ला रोममध्ये पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि जूनमध्ये आमचे मॅनेजर फादर बदलले. स्टाफच्या लेखी दुसरी बातमी मोठी. वरून पत्रं येतच असतात. 2024 मध्ये भारतातल्या बिशप परिषदेच्या सूचना आल्या: सकाळी संविधानाची उद्देशिका वाचा, इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका. उद्देशिका आमच्याकडे आधीपासूनच होती आणि पटावर ख्रिस्ती पोरं बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा कागद फाईलला लागला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्याला 28 ऑक्टोबर 2025 ला 60 वर्षं झाली, त्यावर नव्या पोपांनी पत्र काढलं. तेही फाईलला लागेल अशी माझी खात्री होती.

जानेवारीत बैठक लागली ती बोर्डिंगच्या खोल्यांसाठी. जुनं बोर्डिंग कधीचं बंद पडलंय. भिंतीपलीकडे संस्थेचीच इंग्रजी शाळा आहे. तिथे प्रवेशाला रांग लागते, फी वेळेवर येते. पालकांना कॉन्व्हेंट हवं असतं. आत काय शिकवतात हे विचारणारा मला अजून भेटायचाय. खोल्या तिकडे द्यायच्या हे जवळजवळ ठरलेलंच. अंदाजपत्रकाची फाईल घेऊन मी बसलो होतो.

फादरांनी विचारलं, "पट किती?"

मी सप्टेंबरचा आकडा सांगितला.

"तो नको. आज बाकावर किती बसलेत?"

असा प्रश्न मला शिक्षणाधिकारी कार्यालयानं आजवर विचारलेला नाही. हजेऱ्या मागवल्या तर कामाच्या नव्हत्या. काही वर्गशिक्षक गैरहजेरी लिहीतच नाहीत. पेन्सिलीनं टिंब देऊन ठेवायचं आणि महिनाअखेरीला हवं ते करायचं. पोषण आहाराची नोंद टिंबांवरच जुळते. शेवटी वर्गावर्गांत जाऊन डोकी मोजली. तिसरी-चौथीत बरी होती, कारण धाकट्यांना आजी-आजोबांकडे ठेवतात. सहावी-सातवीत निम्मे बाक रिकामे. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं टोळीबरोबर साखर कारखान्याला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती दोघं उसाच्या फडात असताना कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, तान्ह्याला सांभाळायला थोरली पोर लागतेच. वर्गशिक्षक म्हणाले, "येतील हो पाडव्यापर्यंत." येतात, पण परीक्षेपुरती.

मी कागद पुढे ठेवला. फादरांनी तो दोनदा वाचला. मग मोबाईलवर पोपांचं ते पत्र काढून त्यातली एक ओळ मराठीत सांगितली: गरीब हातचे गेले तर शाळाच गेली, अशा अर्थाची. माझ्याकडे वळून म्हणाले, "बोर्डिंगचं छप्पर दुरुस्त करायला किती लागतील? नोव्हेंबर ते एप्रिल पोरं ठेवायची झाली तर?"

खोलीत गोंधळ उडाला. इंग्रजी शाळेच्या सिस्टरांनी खर्च मांडला: वॉर्डन, स्वयंपाकीण, पाणी, रात्रीची राखण. शासनाच्या हंगामी वसतिगृहाचा विषय निघाला तसे सगळे हसले; त्या पैशाची वाट पाहता पाहता सीझन संपतो. सेवाज्येष्ठ सर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "फादर, चार-पाच वर्षांत तुमची बदली होणार. पुढच्या फादरांना मैदानावर लॉन हवं असलं तर ती पोरं कुठं जायची?"

राग असेल त्यात. पण मागचे फादर बँडपथकाचे, त्याआधीचे कॉम्प्युटर लॅबचे. दोन्हींवर आता धूळ आहे, हे मलाही ठाऊक होतं.

"बदली होणार हे खरं," फादर म्हणाले आणि वाद न घालता मला काम सांगितलं: दरमहा शेवटच्या शनिवारी डोकी मोजायची आणि मुख्याध्यापिका सिस्टरांच्या सहीनं त्या आकड्याचा रकाना बिशप हाऊसला पाठवायचा. चर्चच्या कायद्याच्या 806 व्या कलमानुसार धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेखीचा हक्क बिशपांचा, मग आकडा त्यांच्याकडे राहू दे. "मी गेल्यावर कुणी तरी विचारेल," फादर म्हणाले.

विचारेल का, हे मला कळत नाही. दुसरी भीती जास्त जवळची. हा कागद उद्या शिक्षण खात्याच्या हाती लागला तर सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची डोकी शेजारीशेजारी दिसतील आणि एखाद-दोन पदं अतिरिक्त ठरतील. जातील ती धाकट्या शिक्षकांची, टिंबं देणाऱ्यांची नव्हे. दोघं-तिघं घरी येऊन विनवून गेले, रकाना जरा फुगवा म्हणून.

बोर्डिंगचा निर्णय ईस्टरनंतरच्या बैठकीवर ढकललाय. इंग्रजी शाळेनं फर्निचरचं कोटेशन मात्र मागवून ठेवलंय. पहिला अहवाल मी मोजला तसाच पाठवला. सेवाज्येष्ठ सर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.