स्टिअरिंगमधला प्ले नेमका कुठे?

माझी जुनी गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागली होती. एका बाजूला ओढत असती तर आधी टायरची हवा बघितली असती, मग अलाइनमेंट. पण ही ओढत नव्हती. स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत राहिलं तरच लेनमध्ये टिकायची, आणि मधल्या दोन बोटांएवढ्या फिरवण्याची चाकांना दखलच नसायची. हाच प्ले, म्हणजे ढिलेपणा. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून टकटक ऐकू यायची. पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवला तर आत जाताना गुळगुळीत लागायचं आणि बाहेर येताना करवतीच्या दातांसारखं बोचायचं. ही खूण मला सगळ्यात बोलकी वाटली. पुढची चाकं एकमेकांना समांतर राहिली नाहीत, म्हणजे टो बिघडला, की टायर फिरता फिरता थोडा आडवा घासतही जातो आणि झीज अशी होते.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘रॅक गेलाय, बदलून टाक.’ रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दांडा. सगळ्यात महागडा भाग आधी बदलायचा हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. स्टिअरिंगपासून टायरपर्यंत सांधे काय कमी आहेत? कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट, मग रॅक, रॅकच्या टोकांना रबरी बूटच्या, म्हणजे आवरणाच्या, आत लपलेले रॅक एंड, त्यापुढे रॉड चाकाशी जोडणारे टाय रॉड एंड, खाली बॉल जॉइंट, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, व्हील बेअरिंग. यातलं काहीही सैल झालं तरी ड्रायव्हरच्या हाताला जवळजवळ सारखंच जाणवतं. त्यामुळे आधी शोधायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा, असं ठरवलं.

पहिली तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच केली, कारण चाकांवर भार असला की झिजलेला सांधा लपत नाही. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ठोकळे लावले, इंजिन चालू ठेवलं आणि धाकट्या भावाला आत बसवलं. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन बंद असेल तर व्हॉल्व्हमधला टॉर्शन बार, म्हणजे एक बारीक सळी, पिळतो आणि नसलेला प्ले असल्यासारखा वाटतो. ‘दादा, किती फिरवू?’ असं त्यानं दोनदा विचारलं. फिरवायचं नव्हतंच, चाक वळायच्या आत नुसतं इकडून तिकडे हलवायचं होतं. मी पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवून एकेका सांध्यावर बोटं अशी टेकवली, की सांध्याच्या दोन्ही बाजू एकदमच हाताखाली येतील. सांधा चांगला असेल तर दोन्ही बाजू सोबत हलतात. उजव्या टाय रॉड एंडवर आधी रॉड हलायचा, बारीकशी टक व्हायची आणि मग नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, हलायचं. त्याचं रबर फाटलेलं होतं. एकदा धूळ-पाणी आत गेलं आणि ग्रीस धुऊन निघालं, की बॉल कोरडाच घासत राहतो. त्याच बाजूचा बूट चिमटीत दाबून धरला तेव्हा आतला रॅक एंडही सैल असल्याचं कळलं. डावीकडे सगळं घट्ट होतं आणि कॉलमचा जॉइंटही ठीक होता.

मग इंजिन बंद करून गाडी जॅकवर उचलली आणि स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी हातही घालत नाही. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर खडखडलं, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तर अजिबात नाही. म्हणजे ढिलेपणा स्टिअरिंगच्याच सांध्यांत होता. बारा-सहाला प्ले मिळाला असता तर भावाला ब्रेक दाबायला सांगितलं असतं: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट.

उघडायचं काम त्या मानानं सरळ होतं, फक्त गंज आडवा आला. टाय रॉड एंड नकलमध्ये असतानाच त्याला रॉडवर पक्का ठेवणारा लॉक नट सैल केला, कारण टाय रॉड एंड नकलमधून सुटल्यावर रॉड धरायला काही उरत नाही. नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन तुकड्यातुकड्यानं निघाली. टेपर, म्हणजे नकलमध्ये घट्ट बसलेला निमुळता दांडा, पुलर या खेचायच्या हत्यारानं सुटला. पुलर नसेल तर नट दोन-चार आट्यांवर ठेवून नकलच्या डोळ्यावर बाजूनं हातोडी मारतात. आट्यांच्या टोकावर मात्र कधीच मारू नये. जुना टाय रॉड एंड किती फेऱ्यांत सुटला ते मोजून लिहून ठेवलं. रॅक एंडसाठी लांब नळीचं खास हत्यार लागतं, ते उसनं आणलं. बूट काढलाच होता, तर नव्या क्लॅम्पसह नवाच बसवला. जुनं रबर परत चढवणं म्हणजे हेच काम पुन्हा करायची तयारी.

बसवताना नव्या टाय रॉड एंडचा बॉल नटबरोबर फिरायला लागला. खालून जॅकचा हलका दाब दिल्यावर टेपर बसला आणि नट आवळता आला. हा कॅसल नट, म्हणजे पिनसाठी खाचा पाडलेला. त्याची खाच आणि पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे आवळायचा. जुळवण्यासाठी मागे सोडायचा नाही.

फेऱ्या मोजून बसवलं तरी टो नेमका येत नाही, नव्या भागाची लांबी थोडी वेगळी असू शकते. तेवढ्यावर गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत सावकाश नेता येते, इतकंच. तिथे स्टिअरिंग आधी सरळ लॉक करून मगच दोन्ही बाजूंचे रॉड फिरवायला सांगितलं. नाहीतर टो बरोबर येतो आणि स्टिअरिंग तिरकं राहतं.

भटकणं थांबलं आणि मधली मेलेली जागाही गेली. टकटक कमी झाली, पण पुरती गेली नाही. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटीरोल बारच्या दोन्ही लिंक, म्हणजे जोडणाऱ्या दांड्या, काढून गल्लीत सावकाश चक्कर मारली तेव्हा ती बंद झाली. त्या लिंकचा स्टिअरिंगशी संबंध नाही. नव्या आणायला सांगितल्या आहेत, तोवर जुन्याच परत लावल्या.