फियाट परत आली तेव्हा: न्यू जर्सीतला माझा अनुभव

आमच्या घरात ‘गाडी’ हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी होती ती ‘फियाट’. “फियाट काढ”, “फियाट पुसून घे”, “फियाट चालू होत नाहीये, धक्का मारायला खाली ये”. बाबांच्या फिकट निळ्या गाडीच्या कागदांवर प्रीमियर पद्मिनी लिहिलेलं होतं, पण दादरच्या आमच्या वाडीत तिला त्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, इंजिन १०८९ सीसीचं. मी गाडी शिकलो ती तिच्यावरच.

हे आधी सांगतोय, कारण गेल्या काही महिन्यांत इथल्या तीन ओळखीच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न आला: “तू फियाट घेतली होतीस ना? नवी इलेक्ट्रिक आली आहे, घ्यावी का?” फोनवर दर वेळी अर्धीच गोष्ट सांगून होते. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात मला अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली होती. एडिसनला राहायचो. ऑफिस अकरा मैलांवर, आणि बसचा भरवसा नाही. राऊट १ वरच्या एका सिग्नलला शेजारी एक लाल ठेंगणी गाडी येऊन थांबली, गोल दिव्यांची. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. खिडकीतून बघत म्हणाले, “अरे, ही तर फियाट! इथे कुठून?”

प्रश्न बरोबर होता. फियाट १९८३ मध्ये अमेरिकेतून निघून गेली होती. गंजणाऱ्या पत्र्यामुळे आणि सारख्या दुरुस्त्यांमुळे तिचं नाव इतकं खराब झालं होतं, की नावातल्या चार अक्षरांचा अर्थ लोक ‘फिक्स इट अगेन, टोनी’ (‘पुन्हा दुरुस्त कर, टोनी’) असा लावायचे. परत आली ती २०११ मध्ये, आणि तेही क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीच्या दिवाळखोरीमुळे. २००९ मध्ये अमेरिकी सरकारनं क्रायस्लरला वाचवलं, तेव्हा सर्जिओ मार्किओने प्रमुख असलेल्या फियाटला रोख पैसे न घालता वीस टक्के हिस्सा मिळाला. तो वाढवायचा तर ठरलेले टप्पे पार करायचे. त्यातला एक टप्पा असा, की फियाटचं कमी इंधन खाणारं छोटं इंजिन अमेरिकेत बनलं पाहिजे. मिशिगनमधल्या डंडीच्या कारखान्यात ते बनू लागलं आणि जानेवारी २०११ मध्ये हिस्सा पंचवीस टक्के झाला. मी घेतली त्या गाडीच्या, म्हणजे फियाट ५०० च्या, बॉनेटखाली हेच इंजिन होतं, १.४ लिटरचं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “यात नवीन काय? कुर्ल्याला दोघी एकाच छपराखाली होत्या.” खरंच होतं ते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, ती क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळल्या, फियाट नंतर आली. क्रायस्लरचं डेट्रॉईट आणि फियाटचं इटलीतलं तोरिनो यांचं जे लग्न २००९ मध्ये जगभर गाजलं, ते आमच्या कुर्ल्यानं साठ वर्षं आधी एका आवारात नांदवून दाखवलं होतं. याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

आता खरेदीचं. पहिली अडचण दुकान शोधण्याची. फियाट क्रायस्लरच्या सगळ्या दुकानांत मिळत नव्हती. तिच्यासाठी वेगळे ‘स्टुडिओ’ काढले होते, आणि सुरुवातीला ते देशभरात मिळून सुमारे १३० होते. पहिल्या वर्षी ५० हजार गाड्या विकायचं लक्ष्य होतं, गेल्या २० हजारांच्याही आत. त्यामुळे मी गेलो तेव्हा विक्रेते बोलायला तयार होते. भाव करणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

दुसरी अडचण गिअरची. मला पाच गिअरची मॅन्युअल हवी होती. दुकानासमोर उभ्या होत्या त्या सगळ्या ऑटोमॅटिक. विक्रेत्यानं तासभर मला ऑटोमॅटिककडे वळवायचा प्रयत्न केला, पुढे विकताना मॅन्युअलला भाव येत नाही असंही सांगितलं. मी हटलो नाही. इथे डीलर एकमेकांशी गाड्यांची अदलाबदल करतात हे ऑफिसातल्या एकानं सांगून ठेवलं होतं. मी तेवढंच म्हणालो, “पेनसिल्व्हेनियात कुठे असेल तर आणा, मी थांबतो.” अकरा दिवसांनी आली. लाल, सर्वांत साधं ‘पॉप’ मॉडेल, छापील किंमत १५,५०० डॉलर अधिक वाहतूक. कोणीतरी चालवत आणल्यामुळे मीटरवर ९२ मैल पडलेले होते. ते दाखवून मी शंभर डॉलर कमी करून घेतले.

कर्ज आधीच ठरवून गेलो होतो, आणि हाच माझा सगळ्यांना पहिला सल्ला असतो. दोन वर्षांची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी-कर्ज फेडल्याची नोंद, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. डीलरच्या ओळखीच्या बँकेनं सांगितलेला व्याजदर ऐकून मी गप्प बसलो. एका क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सहकारी पतसंस्थेसारख्या संस्थेत, खातं होतं, त्यांनी जवळपास निम्म्या दरात मंजुरी दिली. पण तिथेही एक गाठ होती. माझ्या व्हिसाचे सव्वीस महिने उरले होते आणि मला हवं होतं अठ्ठेचाळीस महिन्यांचं कर्ज. आय-७९७ या व्हिसा-मंजुरीच्या सरकारी कागदाची प्रत, कंपनीचं पत्र, पगाराच्या तीन स्लिपा आणि तीन हजार डॉलर डाऊन पेमेंट, एवढ्यावर ते छत्तीस महिन्यांना तयार झाले. हप्ता वाढला, चालवून घेतला.

डीलरच्या फायनान्सवाल्या खोलीत मात्र डोकं शांत ठेवावं लागतं. कागदावर ‘काचेवर नंबर कोरणे’ म्हणून १९९ डॉलर आधीच छापलेले होते, रंगाच्या संरक्षणाचे ४९५ वेगळे. हे ऐच्छिक आहे का असं विचारलं तर “सगळेच घेतात” हे उत्तर. मी म्हणालो, “मग माझ्या नावानं नको.” चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, दोनदा मॅनेजरकडे जाऊन आले, आणि शेवटी दोन्ही रकमा काढल्या. मला राग आला होता, अजूनही येतो. नव्यानं आलेल्या माणसाला कागद न वाचता सही करायची घाई असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तोवर बाबा बाहेर गाडीपाशी उभे होते. इथे विकायच्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा आणि माहितीचा मोठा कागद लावावा लागतो, १९५८ चा कायदा आहे तसा. चष्मा कपाळावर सरकवून बाबा तो कागद बोटानं ओळ लावून वाचत होते. अंतिम जुळणी: टोलुका, मेक्सिको. इंजिन: अमेरिका. मला हाक मारून म्हणाले, “अरे, यात इटलीचं काय आहे?” मी दार उघडून त्यांना बसवलं. डॅशबोर्ड बाहेरच्याच लाल रंगाचा. मीटर एकच आणि गोल, बाहेरच्या कडेला वेग, आतल्या वर्तुळात इंजिनाचे फेरे. गिअरचा दांडा जमिनीतून नाही, डॅशबोर्डच्या खालून पुढे आलेला, हात स्टिअरिंगवरून सोडला की थेट त्यावर. बाबांनी क्लच दाबला, पहिला, दुसरा, न्यूट्रल. तिसरा टाकला आणि हात तिथेच ठेवला. मग हळूच म्हणाले, “गिअर अजून स्टिअरिंगजवळच ठेवलाय यांनी.”

नंबर प्लेटचा एक छोटा प्रसंग. न्यू जर्सीत पुढेही प्लेट लागते. मेकॅनिक ड्रिल घेऊन आला आणि आमच्या डोळ्यांदेखत नव्या बंपरला दोन भोकं पाडली. लाल प्लास्टिकचे बारीक कुरळे कण बाबांच्या बुटांवर पडले. ते झटकायचं सोडून बाबांनी वाकून भोकं सरळ रेषेत आहेत ना ते पाहिलं. मागच्या काचेत तात्पुरता कागदी नंबर, हातात विम्याचं कार्ड. टायटल म्हणजे मालकीचा कागद कर्ज फिटेपर्यंत क्रेडिट युनियनकडे. घरी पोचल्यावर बायकोनं चाकांखाली ठेवायला चार लिंबं काढूनच ठेवली होती.

इथपर्यंत सगळे विचारतात. खरी गोष्ट पुढे आहे.

चार वर्षं किंवा ५० हजार मैल वॉरंटी होती, तोवर काळजी नव्हती. ती संपली त्याच सुमारास डीलरचं पत्र आलं की आम्ही फियाट विकणं बंद करत आहोत, जवळचं दुसरं दुकान पस्तीस मैलांवर. त्याच हिवाळ्यात पार्किंगमध्ये कोणीतरी डावा आरसा मुळासकट उडवून गेलं. त्या दुसऱ्या दुकानानं आरसा मागवला आणि पाच आठवडे लावले. दर सोमवारी मी फोन करायचो, दर सोमवारी “ऑर्डर केलंय” हेच उत्तर. पाच आठवडे मी डाव्या बाजूला मान वळवून गाडी चालवली. बर्फात ते धोक्याचं होतं.

मग आमच्या गल्लीपलीकडच्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस. १९७० च्या दशकातल्या फियाट स्पायडर त्यानं दुरुस्त केल्या होत्या, गंज काढून पत्रे जोडले होते. त्यानं मला जे शिकवलं ते कोणत्याही विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीच्या ‘मल्टीएअर’ इंजिनात हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना (झडपांना) वेगळा कॅमशाफ्ट, म्हणजे त्या उघडणारा फिरता दांडा, नाही, ते तेलाच्या दाबावर उघडतात. म्हणजे इथे तेल नुसतं वंगण नाही, इंजिनाचा श्वासच त्यावर चालतो. पुस्तकात लिहिलंय तेच तेल घाल, वेळेआधी बदल, स्वस्तातलं घालू नकोस. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला पट्टा, बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेव. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवतो. गाडी आज एक लाख अठरा हजार मैलांवर आहे आणि रोज चालते.

२०१९ मध्ये छोटी ५०० अमेरिकेत बंद झाली. २०२४ मध्ये पुन्हा आली, या वेळी पूर्ण विजेवर, तोरिनोच्या मिराफिओरी कारखान्यातून. ४२ किलोवॅट-अवरची बॅटरी, अमेरिकी मोजणीनुसार एका चार्जमध्ये १४९ मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. ज्यांच्या घरी रात्री चार्जिंगची सोय आहे आणि रोजचा प्रवास शहरातला आहे त्यांना ती पुरेल असं मला वाटतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आधी मालकाकडून प्लगची परवानगी लेखी घ्यावी. पण बॅटरीच्या आकड्याआधी मी विचारीन तो प्रश्न वेगळा: या दुकानात इलेक्ट्रिकचं शिक्षण घेतलेला मेकॅनिक कोण, आठवड्यात किती दिवस असतो, आणि एक आरसा मागवला तर किती दिवसांत येईल? आणि हे विक्रेत्याला नाही, मागच्या सर्व्हिस काउंटरवर जाऊन विचारावं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरली म्हणून उतरली, तेव्हा बाबांचा फोन आला होता. फार बोलले नाहीत. परवा एका मित्राबरोबर नवी ५०० बघायला गेलो आणि काचेवरच्या कागदाचा फोटो बाबांना पाठवला. अंतिम जुळणी: तोरिनो, इटली.

पाच मिनिटांत फोन. “या वेळी खरी इटलीची आहे. इंजिन कुठलं?”

“इंजिन नाही, बाबा. मोटर आहे, बॅटरीवर चालते.”

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. पार्ट मिळतील ना रे?”

शनिवारी सकाळी मित्राला घेऊन सर्व्हिस काउंटरवर जातोय.