काबरं पयी ऱ्हायनी ती पोर?

आज दुपारी लाइट गेलेली, म्हणून जळगावच्या आमच्या ओट्यावरच बसलो होतो. पुतणीने मोबाइलवर 'स्वान लेक'मधल्या 32 गिरक्या दाखवल्या. एका पायाच्या बोटांच्या टोकावर, सलग! 1895 साली इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानीने त्या या बॅलेत आणल्या, आज शाळकरी मुलीसुद्धा करतात. "काकू, पाय बघ ना, थेट कानाला!" खरंच, इतकी ताकद, इतकी लवचीक शरीरं. त्या मेहनतीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

मग मी रशियन बॅले नर्तकी गालिना उलानोवाची जुनी, खरखरीत चित्रफीत लावली. 1956 मध्ये ती लंडनला ज्युलिएट नाचली तेव्हा 46 वर्षांची होती. तिची ती धाव... उडी नाही, गिरकी नाही, अंगावरचा झगा मागे उडतोय आणि ती नुसती पळतेय. माझ्या मते अख्खं नृत्य तिथेच आहे.

सासूबाई भरिताची वांगी सोलत होत्या. गिरक्यांना "बाप रे!" म्हणून पुन्हा कामाला लागल्या होत्या. आता मात्र हात थांबला. जळक्या सालीचा तुकडा बोटाला तसाच चिकटलेला.

"काबरं पयी ऱ्हायनी ती पोर?"

पुतणीने काही न बोलता तेवढीच धाव परत लावली.